कॅमेरा गेल्यानंतर

(एका विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात, मल्टिमीडिया पत्रकारिता शिकायला आलेल्या नव्या विद्यार्थ्यांपुढे केलेलं हे भाषण. छापताना थोडी काटछाट केली आहे. भाषणात ज्या बाईची हकिगत आली आहे तिला हा मजकूर आधी वाचून दाखवला. तिनं दोन तपशील बदलायला सांगितले, ते बदलले आहेत.)



तुमच्या विभागप्रमुख मॅडमचा फोन आला तेव्हा मी त्यांना आधी विचारलं, "मॅडम, नंबर चुकला नाही ना?" मी पत्रकार नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं, आणि तेव्हापासून, म्हणजे गेली बारा वर्षं, मुंबईतल्या एका वस्तीत बायकांच्या सल्ला केंद्रात काम करते. माझं लिखाण म्हणजे केसपेपर. 'बाईचे म्हणणे असे की...' अशी त्याची सुरुवात आणि पोलीस ठाण्याच्या आवक-जावक नंबरानं त्याचा शेवट. पण मॅडम म्हणाल्या, आमच्या मुलांना कॅमेरा कसा धरायचा ते शिकवणारे पुष्कळ आहेत. कॅमेऱ्याच्या पलीकडे बसलेल्या माणसाचं पुढं काय होतं, ते सांगणारं कुणी येत नाही. मग मात्र मला नाही म्हणता येईना.

आणखी एक कारण आहे. आमच्या वस्तीतली एक मुलगी सध्या तुमच्यासारखाच अभ्यासक्रम करते आहे. तिचं नाव मी सांगणार नाही, वस्तीचंही नाही. का, ते पुढं कळेलच. आज मी जे काही बोलणार आहे त्यातलं निम्मं तिच्याशी झालेल्या भांडणातून आलं आहे.

ती बारावी झाली आणि केंद्रात येऊन म्हणाली, "ताई, मला पत्रकारिता करायचीय. ती मोबाईलवाली." तिची आई चार घरी पोळीभाजीची कामं करते. ही बाई आमच्याकडे पहिल्यांदा आली ती स्वतःच्याच केसमध्ये, तेव्हा ही मुलगी सातवीत होती, दप्तर मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसायची. आता आई मुलीबरोबर आली होती. तिनं मला दोनच प्रश्न विचारले. "यात नोकरी लागती का?" आणि "रात्रीचं जावं लागतं का?"

मला दोन्हींची उत्तरं माहीत नव्हती. बी.एड., नर्सिंग, डी.फार्म. यांचं आम्हाला पाठ असतं. कुठल्या मुलीला कुठं घालायचं, शिष्यवृत्तीचा फॉर्म कधी निघतो, सगळं. पत्रकारितेचं नव्हतं. म्हणून मी चौकशी करत फिरले. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ पासून विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग आहे हे ऐकून होते. पण तिथं जायचं म्हणजे राहायचा खर्च आला. मुंबई विद्यापीठानं २००० साली बी.एम.एम. सुरू केलं होतं, त्याचंच २०१९-२० पासून नाव बदललं आणि त्या नावातच 'मल्टिमीडिया' हा शब्द आला. तीन वर्षांची पदवी. बातमी लिहायची, संपादन करायचं, छायाचित्रण, आवाज ध्वनिमुद्रित करायचा, संगणकावर पान लावायचं, प्रसारमाध्यमांचे कायदे, आणि शेवटच्या वर्षी पत्रकारिता की जाहिरात यातलं एक निवडायचं.

तुम्हाला हे सगळं माहीत आहे, तुम्ही प्रवेश घेऊन बसला आहात. मला मात्र ते नवं होतं, आणि मल्टिमीडिया पत्रकार म्हणजे काय याचा मला उलगडा व्हायला वेळ लागला. पूर्वी आमच्या मोर्चाला वर्तमानपत्राचा वार्ताहर यायचा, त्याच्यामागून फोटोग्राफर यायचा. टीव्हीवाले आले तर प्रश्न विचारणारी एक, कॅमेरा खांद्यावर घेतलेला एक, गाडीत एक. आता एकच मुलगी येते. ती आमची बातमी लिहून घेते, फोटो काढते, कॉलरला माईक लावून मुलाखत घेते, तीच मुलाखत एकदा आडवी आणि एकदा उभी चित्रित करते, कारण आडवी एका जागी जाते आणि उभी दुसऱ्या जागी. लोकलमध्ये बसल्या बसल्या ती कापते, जोडते, खाली अक्षरं टाकते, आणि चर्चगेटला उतरायच्या आत पाठवून देते. पगार एकीचाच. याला सगळे कौशल्य म्हणतात. कौशल्य आहेच, मी नाही म्हणत नाही. पण चार माणसांचं काम एका माणसावर येतं तेव्हा बाकीच्या तिघांचा पगार कुठं जातो हा प्रश्नही अभ्यासक्रमात असायला हवा. आमच्या क्षेत्रात हे फार आधी होऊन गेलं. समुपदेशक, कारकून, न्यायालयात खेपा घालणारी आणि वर्षअखेरीला अहवाल लिहिणारी, सगळी एकच बाई असते. असो.

तर मुलीला प्रवेश मिळाला. घरात एकच स्मार्टफोन, तोही काच तडकलेला, जागा कायम भरलेली. वर्गातल्या बऱ्याच मुलांकडे मोठे फोन, काहींकडे स्वतःचा कॅमेरा. ही दर दोन दिवसांनी फोनमधलं सगळं केंद्राच्या संगणकात उतरवून मोकळा करायची. पहिल्या सत्रात त्यांना सांगितलं होतं, आपापल्या राहत्या ठिकाणची दोन मिनिटांची गोष्ट करून आणा. मुलांनी जुनी देवळं केली, आजोबांचा रेडिओ केला, एकानं समुद्र केला. हिला काही सुचेना. आमच्या वस्तीत पहाटे साडेचारला पाणी येतं, तासभर. ती म्हणाली, अंधारात चित्र येत नाही, फोनचा दिवा लावला तर बायका तोंड फिरवतात. मग तिनं चित्राचा नादच सोडला आणि नुसता आवाज घेतला.

ते दोन मिनिटं मी ऐकलं आहे. आधी नळाची फुसफुस, नुसती हवा. मग रिकाम्या हंड्याच्या बुडाशी पडणारं पाणी, मग हंडा भरत जातो तसतसा चढत जाणारा सूर. भरत आला की बाई न बघता हंडा बाजूला घेते आणि कळशी लावते. प्लॅस्टिकच्या पिंपाचा आवाज वेगळा, पत्र्याच्या डब्याचा वेगळा. मधे कुणीतरी म्हणतं, "अगं, माझा नंबर!" आणि शेवटी पुन्हा फुसफुस. मी बारा वर्षं त्या वस्तीत जाते. भरत आलेला हंडा बायका कानानं ओळखतात हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. तिच्या सरांनी ते वर्गात दिवे बंद करून ऐकवलं म्हणे.

हे मी मुद्दाम सांगितलं. तुमच्यापैकी कुणाकडे भारी फोन नसेल तर त्यानं मन लहान करू नये.

आता आईचा दुसरा प्रश्न. रात्रीचं जावं लागतं का? आपण हसतो, पण त्या प्रश्नामागे काय असतं ते तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. २२ ऑगस्ट २०१३ ला मुंबईत महालक्ष्मीला, शक्ती मिलच्या ओसाड आवारात, बावीस वर्षांच्या एका छायाचित्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. ती एका मासिकात इंटर्न होती, कामासाठी फोटो काढायला गेली होती, बरोबर पुरुष सहकारी होता, आणि वेळ रात्रीची नव्हे, संध्याकाळची होती. २०१४ मध्ये तिघांना फाशीची शिक्षा झाली, २०२१ च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली. मला आठवतं, तेव्हा मी नुकतीच कामाला लागले होते. वस्तीतल्या आया महिनाभर मुलींना क्लासलाही एकट्या सोडत नव्हत्या. हल्ला करणाऱ्यांनी केला आणि घरात बसल्या कोण, तर मुली. म्हणून मी त्या आईला खोटा दिलासा दिला नाही. म्हटलं, जावं लागेल. कधी रात्रीही जावं लागेल. मात्र तिला पाठवणाऱ्या माणसावर काही जबाबदारी असते, आणि ती कायद्यानं असते, हे तिला माहीत पाहिजे.

हे तुम्हालाही माहीत पाहिजे, म्हणून दोन मिनिटं घेते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा त्याच २०१३ सालचा. त्यात शिकाऊ, उमेदवार, बिनपगारी, सगळे येतात. 'तू इंटर्न आहेस, तू आमची कर्मचारी नाहीस' असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कचेरीत अंतर्गत समिती असली पाहिजे. तीन खोल्यांचं पोर्टल असेल, सहाच माणसं असतील, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिथं तक्रार देता येते. तक्रार शक्यतो तीन महिन्यांच्या आत द्यायची. वार्तांकनासाठी पाठवलेली जागा, ऑफिसची गाडी, हेही कामाचं ठिकाणच. विद्यार्थी म्हणून तुमच्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम वेगळे आहेत, तुमच्या विभागाच्या फलकावर समितीची नावं आहेत का ते जाताना बघा. मी येताना शोधली, मला दिसली नाहीत. मॅडम, तुम्हाला बोलले असं समजू नका.

हा कायदा कुठून आला? राजस्थानात भंवरीदेवी नावाची साथिन होती, म्हणजे आमच्यासारखीच गावपातळीवरची कार्यकर्ती. बालविवाह थांबवायला गेली म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यावरून बायकांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ मध्ये विशाखा निकाल आला. त्यानंतर कायदा व्हायला सोळा वर्षं गेली. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तुमच्याच क्षेत्रातल्या बायका एकामागून एक बोलायला लागल्या, तेव्हा लक्षात आलं की मोठमोठ्या संपादकांच्या खोल्यांपर्यंत हा कायदा पोचलेलाच नव्हता. त्यातल्या प्रिया रमाणी यांच्यावर बदनामीचा खटला झाला, त्यातून त्या १७ फेब्रुवारी २०२१ ला निर्दोष सुटल्या. न्यायालयानं म्हटलं, बाई कित्येक वर्षांनंतरही आपलं म्हणणं मांडू शकते. तो निकाल मिळवून वाचा, मराठीत त्याच्यावर फार थोडं लिहिलं गेलं.

आता मुख्य गोष्ट. ही माझ्या चुकीची गोष्ट आहे.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातून चार विद्यार्थी आमच्या केंद्रात आले. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता, कौटुंबिक हिंसेवर लघुपट. मुलं चांगली होती. चहा घेताना कप स्वतः विसळणारी. त्यांना बोलणारी एक बाई हवी होती. मी आमच्या एका बाईला विचारलं. नवऱ्याच्या आणि दिराच्या मारहाणीला कंटाळून ती दोन मुलांना घेऊन निघाली होती, दुसऱ्या उपनगरात खोली घेतली होती, पत्ता माहेरलाही सांगितला नव्हता. एका कारखान्यात पॅकिंगचं काम धरलं होतं. मी तिला म्हटलं, तुझं ऐकून चार बायकांना धीर येईल, चेहरा दिसणार नाही. ती म्हणाली, तुम्ही म्हणता तर बसते.

मुलांनी एक फॉर्म आणला होता. इंग्रजीत. तिनं सही केली. तिला सही येते याचं मला कौतुक वाटलं, फॉर्म मी वरवर वाचला.

चित्रण तिच्या खोलीवर झालं. दीड तास ती बोलली. लघुपट सहा मिनिटांचा झाला. त्यात तिचा चेहरा धूसर केला होता. आवाज तोच ठेवला होता, कारण आवाज बदलला की खोटं वाटतं असं त्यांना शिकवलं होतं. हात दिसत होते, कारण हातांचे क्लोज-अप फार बोलके असतात. त्या हातावर गोंदण होतं, माहेरच्या नावाचं. आणि एका दृश्यात, तीनच सेकंद, भिंतीला टांगलेलं मुलाचं दप्तर होतं. दप्तरावर शाळेचं नाव.

प्रकल्प जमा करायचा म्हणजे यूट्यूबवर चढवायचा आणि त्याची लिंक द्यायची, असा नियम होता. लघुपटाला उत्तम गुण मिळाले. मुलांनी आनंदानं ती लिंक सगळीकडे पाठवली. मलाही आली, मीही दोन ठिकाणी पुढं पाठवली. फिरत फिरत ती दिराच्या गावच्या ग्रुपवर गेली. आवाज त्यानं पहिल्या वाक्यालाच ओळखला असणार. सहाव्या दिवशी तो शाळेच्या फाटकात उभा होता.

मुलाला न्यायला शेजारीण गेली होती, तिच्या ध्यानात आलं, तिनं मुलाला मागच्या दारानं काढलं, म्हणून पुढचं टळलं. आम्ही पोलिसांत गेलो, लघुपट काढून टाकायला लावला, मुलांनी तो तासाभरात काढला आणि रडले. पण फोनांवर गेलेल्या प्रती कुठून काढणार? तिनं खोली सोडली. डिपॉझिटचे पैसे अर्धेच मिळाले. पॅकिंगचं काम गेलं, कारण नवी खोली लांब. मुलांची शाळा वर्षाच्या मध्यात बदलली, धाकट्याचं एक वर्ष वाया गेलं. सामान टेम्पोत चढवताना ती मला एवढंच म्हणाली, "तुम्ही म्हणालात म्हणून बसले हो, ताई."

त्या महाविद्यालयाच्या शिक्षकांना मी भेटले. ते म्हणाले, संमतिपत्र आहे आमच्याकडे. खरंच होतं. आणि संमतिपत्र म्हणजे काय याचा विचार त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट केला. ज्या बाईला माझ्याकडून खावटीच्या अर्जाची, रेशनकार्डाची मदत हवी आहे, तिला मी 'बसशील का' विचारते तेव्हा ती नाही म्हणू शकते का? माझ्या प्रश्नात तिला उपकाराची परतफेड ऐकू येते. म्हणून आता आमच्या केंद्रात नियम आहे. पत्रकारानं विचारायचं ते आमच्यामार्फत नाही. आणि आमच्यामार्फतच विचारायचं असेल तर जी कार्यकर्ती तिची केस बघत नाही तिनं विचारायचं, आणि उत्तर दोन दिवसांनी घ्यायचं.

कायदा काय म्हणतो? बलात्कार झालेल्या बाईची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. हे कलम भारतीय दंड संहितेत १९८३ साली आलं, २२८-अ. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ते ७२ वं कलम आहे. मथुरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं, त्यावर देशभर बायका रस्त्यावर आल्या, त्या आंदोलनातून जे कायदेबदल झाले त्यातला हा एक. आणि गंमत बघा, गंमत कसली, ज्या मुलीच्या प्रकरणातून नाव न घेण्याचा कायदा आला तिचं नाव आपण सगळे आजही घेतो. मी आत्ता घेतलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निपुण सक्सेना खटल्यात स्पष्ट केलं की नुसतं नाव लपवून भागत नाही, ज्यावरून ओळख पटेल असा कोणताही तपशील द्यायचा नाही, बाई मरण पावली असली तरी नाही. त्याच वर्षी कठुआच्या मुलीची ओळख छापल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयानं माध्यमसंस्थांना प्रत्येकी दहा लाख भरायला लावले. मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायद्यात वेगळं कलम आहे.

पण आमच्या त्या बाईवर बलात्काराचा गुन्हा नोंदला नव्हता. तिची केस मारहाणीची. तिला हे ७२ वं कलम लागूच नाही. म्हणजे कायद्याच्या पेपरात तुम्हाला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते, आणि दीर तरीही फाटकात उभा राहिला असता.

तेव्हा कायद्याच्या अलीकडचं काही सांगते. आम्ही ठेचा खाऊन शिकलो ते. चेहरा धूसर केला म्हणजे झालं असं समजू नका. नातेवाईक चेहऱ्यावरून ओळखतच नाहीत, ते आवाजावरून, चालीवरून, साडीवरून, खोकण्यावरून ओळखतात. बातमी अनोळखी लोकांना दिसेल असं धरून तुम्ही चालता, पण बाईला धोका ओळखीच्यांचा असतो. प्रश्न असा विचारा, हे तुझ्या जावेनं पाहिलं तर? तिथं बाई थांबते, विचार करते, आणि मग खरं उत्तर देते. तिच्या घरात चित्रण करू नका. दार, जिना, खिडकीतून दिसणारी टाकी, यावरून पत्ता निघतो. दुसऱ्याच जागी बसवा. आवाज बदलायचा असेल तर पुन्हा मूळ करता येणार नाही असा बदला, नाहीतर तिचे शब्द दुसरीकडून वाचून घ्या. त्यानं खोटेपणा येतो असं मला वाटत नाही, तसं सांगितलं की झालं. फोनमधलं ठिकाण नोंदवणं बंद ठेवा. न कापलेलं चित्रण वर्गाच्या सामाईक खात्यात ठेवू नका. आणि सगळं तयार झालं की चढवायच्या आधी तिला दाखवा, तिच्याच फोनवर, कारण शेवटी ते तेवढ्याच पडद्यावर दिसणार आहे. मोठ्या पडद्यावर न दिसणारं लहानावर दिसतं असं नाही, पण आपण तिथं थांबवून मागं-पुढं करून बघतो. तो दीर दप्तरावर थांबला होता.

एवढं केल्यावरही एक राहतंच. मथळा. तो बऱ्याचदा तुम्ही देत नाही. तुम्ही 'घर सोडून उभी राहिली' असं लिहून पाठवता, तिकडं बसलेला कुणी 'नवऱ्याला सोडून पळालेल्या बायकोचा धक्कादायक खुलासा' करतो, वर लाल बाण काढतो. तुमचं नाव मात्र खाली राहतं. त्याबद्दल भांडायची तयारी पहिल्या नोकरीत नसते, हे मला कळतं. निदान मला न विचारता मथळा बदलू नका, एवढं लेखी मागता येतं.

सगळीकडे नाव लपवा असंही मी म्हणत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या ओव्या 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहावर येतात. ओवी लिहिलेली, बाईच्या आवाजातली, बरोबर तिचा फोटो, तिचं नाव, गाव. आपल्याकडे ओवी म्हटली की 'लोकपरंपरा' म्हणून मोकळे होतात, तिथं ती कोणा बाईची आहे हे कळतं. मल्टिमीडिया शब्दाचा अर्थ मला कुणी विचारला तर मी तेच दाखवते. एकीचं नाव लपवलं की ती वाचते, दुसरीचं लपवलं की ती पुसली जाते. कुठली कुठली, हे दरवेळी नव्यानं ठरवावं लागतं, आणि तिच्याबरोबर बसूनच ठरवावं लागतं.

'खबर लहरिया'चंही सांगायला हवं. उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ साली बायकांनी सुरू केलेलं हे वर्तमानपत्र. दलित बायका, कित्येक जणी जेमतेम शिकलेल्या. पुढं त्यांनी कागद सोडला आणि फोन हातात घेतला. त्यांच्यावर निघालेला माहितीपट २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनात होता. तेव्हा त्याच बायकांनी जाहीर सांगितलं की या चित्रपटात आमच्या कामाचा एकच धागा आलाय, आम्ही पूर्ण अशा नाही. मला ते फार आवडलं. रोज दुसऱ्यांची बातमी करणाऱ्या बायकांना स्वतःवर कॅमेरा आल्यावर नेमकं तेच म्हणावंसं वाटलं जे आमच्या वस्तीतल्या बायका म्हणतात.

आता त्या मुलीकडे येते. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी ती केंद्रात आली आणि म्हणाली, मला घर सोडलेल्या बायकांवर करायचंय. मी सरळ नाही म्हटलं. दप्तराची गोष्ट सांगितली. ती चिडली. म्हणाली, "ताई, आमच्या वस्तीची बातमी मग करणार कोण? बाहेरचेच? ते येतात तेव्हा तुम्ही चहा करता." मला राग आला, आणि रात्री घरी गेल्यावर ती बरोबर बोलली हेही कळलं. माझ्या चुकीची शिक्षा मी तिला देत होते. तिची आई त्याच बाकावर बसून गेलेली बाई होती.

आठवडाभर आमचं बोलणं चाललं. शेवटी तिनं पुन्हा नुसता आवाज करायचं ठरवलं, बायकांचे शब्द तिनं स्वतः वाचायचे. तीन बायका तयार झाल्या, मी त्यांना विचारलं नव्हतं. तयार झाल्यावर तिनं एकेकीला ते ऐकवलं. एकीनं एक वाक्य काढायला सांगितलं. ते वाक्य काय होतं ते अर्थातच मी सांगणार नाही, पण सबंध प्रकल्पातलं ते सगळ्यात चांगलं वाक्य होतं, तिलाही माहीत होतं, मलाही. ती दोन दिवस कुरकुरली. मग काढलं.

गुण कमी मिळाले. 'दृश्यांचा अभाव' असा शेरा आहे. तिनं तो मला दाखवला तेव्हा काय बोलावं मला सुचेना.

आणि आईचा पहिला प्रश्न, नोकरी लागती का? सध्या ती एका पोर्टलवर तीन महिन्यांची इंटर्न आहे. बिनपगारी. लोकलचा पासही घरून. काम काय, तर इंग्रजी बातमी यंत्रात घालायची, त्यातून जी मराठी बाहेर पडते ती माणसांची करायची, दिवसाला दहा. वार्तांकनाला अजून एकदाही पाठवलेलं नाही. तिथल्या समितीची नावं तिनं पहिल्याच दिवशी विचारली, तेव्हा दोघंतिघं हसले, पण दुसऱ्या दिवशी कागद भिंतीवर लागला. आई अजून विचारते, "पगाराचं काय म्हणाले?" उत्तर माझ्याकडे नाही. ते तुमच्या शिक्षकांकडे असेल तर मला सांगा, मी तिला सांगेन. बिनपगारी तीन महिने ज्यांना परवडतात तेच पत्रकार होणार असतील तर पहाटे साडेचारच्या पाण्याची बातमी पुन्हा बाहेरूनच कुणीतरी येऊन करणार.

माझा वेळ संपला आहे, तुमचे प्रश्न घेऊ या. पण आधी एक. तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसलेला जो फोन मघापासून माझ्याकडे रोखलेला आहे, त्याला मी कधीपासून बघते आहे. माझं चित्रण करायला माझी हरकत नव्हती, फक्त मला विचारलं असतंत तर बरं झालं असतं. दप्तराच्या गोष्टीचा भाग तेवढा काढून टाका, आत्ताच, माझ्यासमोर. त्या बाईला मी विचारलं आहे की तुझी हकिगत भाषणात सांगू का, आणि आमच्या त्रैमासिकात छापू का. दोन्हींना ती हो म्हणाली. व्हिडिओचं मी तिला विचारलेलं नाही.